कापलेली उत्तरं

वर्गात तिला सगळे कात्री म्हणत. नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं, पण ते असं चिकटलं होतं की एकदा हजेरी घेताना सरांच्याही तोंडून तेच निघालं आणि सगळा वर्ग हसला. तीही हसली. नावात वाईट काही नव्हतं. व्हिडिओच्या त्या अभ्यासक्रमात एडिटिंगचा तिच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. कुठे कापायचं आणि कुठे दम धरायचा, हे तिला न सांगता कळायचं. बाकीचे ज्या जागेशी सकाळपासून झटापट करत, ती जागा कात्री समोरचा चहा निवायच्या आत सोडवून द्यायची.

त्यामुळे एडिटिंगच्या खोलीतली कोपऱ्यातली खुर्ची तिचीच होऊन गेली होती. खोली तळघरात होती. खिडकी नव्हती. भिंतींना आवाज शोषणारा काळा स्पंज लावलेला, त्याची एक बाजू सुटून लोंबत होती आणि ती चिकटवायचं काम वर्षभर कोणी मनावर घेतलं नव्हतं. मशीनचे पंखे अखंड घुरघुरत. हेडफोनच्या गाद्यांचे पापुद्रे निघालेले, त्यामुळे दिवस संपला की कानांना काळी भुकटी लागलेली असायची.

पोरं यायची, तिच्या खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकून म्हणायची, "कात्री, जरा बघ ना गं, इथे घोडं अडलंय." ती बघायची. काम होईपर्यंत ती मंडळी शेजारच्या टेबलावर बसून फोन चाळत, आपसात बोलत. काम झालं की "तू होतीस म्हणून वाचलो" असं मनापासून म्हणत आणि वर निघून जात. मग जिन्यावरून त्यांचं हसणं ऐकू यायचं, ते वळणावर जरा मोठं व्हायचं आणि दार लागलं की तुटायचं. गरज सरो नि वैद्य मरो, असं म्हणणं जरा जास्तच कडक होईल. त्यांच्यात वाईट कोणी नव्हतं. तिला वर बोलवावं, हे फक्त कोणाच्या डोक्यात यायचं नाही. आणि आपण होऊन मागे जावं, हे तिला जमायचं नाही.

गंमत अशी की त्या सगळ्यांना ती जितकी ओळखत होती, तितके ते एकमेकांनाही ओळखत नसतील. दिवस दिवस त्यांचंच फुटेज पुढेमागे करत बसायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? लंबू नावाचा ताडमाड मुलगा कॅमेरा बंद झालाय असं वाटलं की नखं खायचा. चिमणी, म्हणजे वर्गातली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात बडबडी मुलगी, हसण्याआधी एक छोटा श्वास आत ओढायची. त्या श्वासावर कापलं की पुढचं हसू दुप्पट वाटायचं. पडद्यावर कात्री त्यांच्याबरोबर सगळीकडे जाऊन आली होती. चिमणीच्या गच्चीवर, लंबूच्या बहिणीच्या वाढदिवसाला, शहराबाहेरच्या तळ्यावर. तळ्यावर तर चिमणीची एक चप्पल पाण्यात वाहून गेली. लंबू ती आणायला गुडघाभर चिखलात शिरला आणि भलत्याच कोणाची तरी कुजकी चप्पल विजयी मुद्रेने वर घेऊन आला. ते दृश्य कात्रीनेच लावलं होतं. वर्गात दाखवलं तेव्हा हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

घरी ती आणि बाबा, दोघंच. बाबा लिफ्टची दुरुस्ती करणारे मिस्त्री. दिवसभर इमारतींच्या पोटात उभे राहून काम करायचं, त्यामुळे असेल, घरी आल्यावर त्यांना बोलायला शब्द सापडायचे नाहीत. जेवताना ते रेडिओ लावत. बापलेकीचं वैर मुळीच नव्हतं. ताटात काय कमी आहे ते एकमेकांना न विचारता कळायचं. पण तेवढंच.

आई दुसऱ्या शहरात होती. तिथे एका श्रीमंत घरातल्या वयस्कर बाईंची देखभाल करायचं काम तिने काही वर्षांपूर्वी धरलं होतं आणि ती राहायलाही त्यांच्याकडेच होती. आई त्यांना मोठ्या बाई म्हणे. दुपारी मोठ्या बाईंचा डोळा लागला की आईचा व्हिडिओ कॉल यायचा. कात्री तळघरातून उठून कॉलेजच्या मागच्या जिन्यावर जाऊन बसायची. फोन कसा धरायचा ते आईला कधीच जमलं नाही. पडद्यावर आईचं कपाळ आणि त्याच्यावर गरगरणारा छताचा पंखा एवढंच दिसायचं. "आई, खाली धर," म्हटलं की हनुवटी दिसायची.

"जेवलीस?"

"हो."

"बाबा?"

"ठीक."

"मैत्रिणी काय म्हणतात?"

इथे कात्रीची पंचाईत व्हायची. सुरुवातीला ती "बऱ्या आहेत" म्हणून वेळ मारून नेई. मग आईचं कपाळ जरा वेळ गप्प राही, वरचा पंखा फिरत राही.

मग एक दिवस तळ्याचं फुटेज सकाळपासून कापून ती जिन्यावर आली होती. डोळ्यांसमोर अजून तेच पाणी हलत होतं. आईने विचारलं, "आज काय केलंस?" आणि कात्री बोलून गेली, "तळ्यावर गेलो होतो सगळे."

आई एकदम फोनच्या जवळ आली. "कोण कोण?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं कात्रीने त्याआधी आयुष्यात कधी केलं नव्हतं. पण त्या दिवशी तिने सगळं सांगितलं. चिमणीची चप्पल, लंबूचा चिखल, ती कुजकी चप्पल. आई हसता हसता खोकायला लागली. शेवटी कात्रीने पदरची भरही घातली. चिमणी अनवाणी घरी कशी जाणार, म्हणून मी माझी चप्पल तिला दिली आणि तशीच आले, म्हणाली.

"अगं, पायाला काही टोचलं तर?" आई म्हणाली. पण तिच्या आवाजात काळजी कमी आणि कौतुक जास्त होतं.

त्यानंतर सवयच लागली. ज्याचं फुटेज हाताखाली असेल, त्याच्या घरी कात्री जाऊन आलेली असायची. एकाला झाकायला दुसरं, असं हे खोटं वाढत गेलं असं नव्हे. ते फार सहज वाढलं, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट घडलेली होती. फक्त त्यात ती नव्हती.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने स्वतःचा एक छोटा चित्रपट करायचा होता. विषय एकच, घरातलं एक माणूस. तयार झाला की कॉलेजच्या छोट्या सभागृहात, घरच्यांना बोलावून, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांपुढे तो सादर करायचा. कात्रीने आई निवडली. ती समोर नव्हतीच, तेव्हा कॉलच रेकॉर्ड करायचं ठरलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "माझ्यात काय आहे बघण्यासारखं? कपाळ?" आणि मग म्हणाली, "कर बाई. मार्क मिळाले म्हणजे झालं."

हिवाळाभर तिने कॉल साठवले; त्यांतल्या एकात आईने तळ्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली होती. आपण रेकॉर्ड करतोय हे दोनतीन दिवसांनी तिच्या लक्षातही राहिलं नाही. मग एकदा सगळं मशीनवर घेऊन, हेडफोन लावून ऐकायला बसली आणि तिच्या पायाखालची वाळू सरकली.

मशीनवर आवाजाच्या दोन पट्ट्या दिसत होत्या, एकीवर आईचा आवाज, दुसरीवर तिचा स्वतःचा. आणि त्या दुसऱ्या पट्टीवर एक मुलगी भरभरून बोलत होती. हसत होती, नकला करत होती, "अगं ऐक तर" म्हणत होती. हा आवाज कात्रीने कधी ऐकला नव्हता. बाबांशी ती अशी बोलत नव्हती, वर्गात तर नाहीच. ती मुलगी सांगत होती की काल आम्ही चिमणीच्या गच्चीवर गाद्या टाकून पडलो होतो. हे सभागृहात लागणार, आणि समोर चिमणी बसलेली असणार.

तिने ती पट्टी बंद केली. आता नुसती आई बोलायला लागली. "जेवलीस?" मग शांतता. मग आईचं हसू, कशाला ते कळायचं नाही. "मग लंबू काय म्हणाला?" पुन्हा शांतता. पंखा फिरतोय. ऐकायला विचित्र होतं, पण वाईट नव्हतं. कात्रीने कामाला सुरुवात केली. काम तिला येतच होतं. लंबूचं नाव असलेली वाक्यं काढली, चिमणीची काढली, सांधे असे बसवले की बोट फिरवलं तरी लागू नयेत.

सरांनी कच्चा चित्रपट पाहिला. सर तसे घाईचे माणूस, एकीकडे बघत दुसरीकडे निरोप लिहीत. पण या वेळी त्यांनी फोन खाली ठेवला.

"काम सफाईदार आहे," ते म्हणाले. "पण बाई बोलतेय कोणाशी?"

"माझ्याशी."

"मग तू कुठे आहेस? तिला कोणी उत्तरच देत नाही. बघवत नाही मला ते."

"माझा आवाज चांगला नाही सर."

"आवाज चांगला नसतोच कोणाचा. एकदा लावून बघ."

"बघते," कात्री म्हणाली, आणि बघितलं नाही.

पुढे तर बघायला वेळही उरला नाही. शेवटचा आठवडा म्हणजे तळघरात नुसती जत्रा भरली होती. कोणाचा आवाज चित्राच्या पुढे धावत होता, कोणाच्या फाइली हरवल्या होत्या. लंबूने मशीनमधून चुकून आपलंच मूळ फुटेज पुसलं होतं आणि तो दोन्ही हातांनी डोकं धरून जमिनीवर बसला होता. जो तो कात्रीच्या नावाने हाका मारत होता. तिने लंबूचं फुटेज जुन्या प्रतीवरून परत मिळवून दिलं. चिमणीच्या चित्रपटाचा शेवट बदलून दिला. चिमणीने आपल्या आत्याला निवडलं होतं आणि आत्या रडते तिथे तिने चित्रपट संपवला होता. कात्रीने तो आत्या डोळे पुसून "चहा टाकू का?" म्हणते तिथपर्यंत नेला. चिमणीने ते पुन्हा लावून बघितलं. मग तिने कात्रीच्या खांद्यावर थोपटलं आणि ती वर गेली. सगळ्यांचं निस्तरता निस्तरता स्वतःच्या चित्रपटाची वेळ आली तेव्हा कात्रीने आहे तसाच, उत्तरांवाचून, तो सरांकडे देऊन टाकला.

आई येणार नव्हती. रजा मिळत नाही, असं तिने आधीच सांगितलं होतं, आणि कात्रीच्या मनावरचा अर्धा भार त्याने उतरला होता.

सादरीकरणाच्या दिवशी सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात ही गर्दी. पोरांचे आईबाप, कडेवरची भावंडं, कोणाचे तरी आजोबा काठी सांभाळत. बाबा येतील तर कामाच्या कपड्यांवरच येतील, असं धरून कात्री फाटकाकडे बघत होती. बाबा आले, आणि त्यांच्याबरोबर ठेवणीतले कपडे घालून आई चालत येत होती. पूर्ण आई. कपाळाखालचं सगळं.

"मोठ्या बाईंनीच पिटाळलं मला," आई म्हणाली. "म्हणाल्या, एक दिवस माझी सून बघेल, तू जा. मला येऊन सगळं सांगायचं." तिने कात्रीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "वाळलीस किती. फोनवर कळत नाही."

कात्री हसली. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलायचं? पण तो आनंद टिकला नाही. कारण आईची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती, आणि तिथे चिमणी कोणाशी तरी बोलत होती. चिमणीने छोटा श्वास आत ओढला आणि ती हसली.

"ही चिमणी," आई म्हणाली. "हसण्यावरूनच ओळखलं." आणि कात्रीने हात धरायच्या आत ती तिकडे पोचलीसुद्धा.

"काय गं, तूच ना ती? चप्पल सापडली का शेवटी?"

चिमणी गोंधळली. "काकू, तुम्ही..."

"हिची आई. तुमच्या सगळ्या गमती मला पाठ आहेत. आमच्या हिने त्या दिवशी स्वतःची चप्पल तुला दिली आणि अनवाणी घरी गेली. मी चांगली रागावले होते तिला."

चिमणीने आईच्या खांद्यावरून कात्रीकडे पाहिलं. कात्री खाली फरशीकडे बघत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला वाटतं म्हणतात. तिला तसं काही वाटलं नाही. तिला फक्त ऐकू येत होतं, फार स्पष्ट, जसं हेडफोनमध्ये येतं.

"हो काकू," चिमणी हळूच म्हणाली. "दिली होती. परत करायचीच राहून गेली."

"असू दे, असू दे. मैत्रिणीत कसलं परत करायचं?" आई खूश होऊन म्हणाली आणि बाबांबरोबर आत जागा बघायला गेली.

चिमणी जवळ आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं कात्रीला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं. आजारी माणसाच्या खोलीत आपण जो चेहरा करून जातो, तसा तो होता.

"कात्री, तू तिथे..." चिमणी म्हणाली आणि थांबली. "जाऊ दे. चल, बोलावतायत."

एकेकाचा चित्रपट लागत गेला. कात्री सगळ्यात मागे, प्रोजेक्टर आणि लॅपटॉपच्या टेबलाशी होती, कारण ते चालवायचं कामही ओघाने तिच्याकडेच आलेलं होतं. परीक्षक बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पांढऱ्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या. चिमणीची आत्या "चहा टाकू का?" म्हणाली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि चिमणी उभी राहून लोकांकडे बघून हसली.

मग कात्रीचा लागला. अंधारात आईचं कपाळ भिंतभर मोठं झालं, वर पंखा फिरायला लागला. लोकांना आधी हसू आलं. आईसुद्धा तोंडावर हात धरून हसली. "जेवलीस?" पडद्यावरची आई म्हणाली, आणि कोणी उत्तर दिलं नाही. "थंडी आहे का तिकडे?" कोणी उत्तर दिलं नाही. "बाळा, ऐकतेयस ना?" हळूहळू सभागृहातलं हसू विरलं. मागून कात्रीला फक्त डोकी दिसत होती. आईचं डोकं आधी पडद्याकडे होतं. मग ते बाबांकडे वळलं, काहीतरी विचारायला. बाबांनी नकारार्थी मान हलवली. आई परत समोर बघायला लागली, पण आता तिची पाठ ताठ झाली होती.

दिवे लागले. टाळ्या झाल्या, पण दबकत. कात्री पुढे जाऊन उभी राहिली.

परीक्षक बाईंनी चष्मा पुसला. "मुली, हे फोन खरे आहेत?"

"हो."

"मग तुझी आई इतके प्रश्न विचारते, त्यांची उत्तरं कुठे गेली? की तू दिलीच नाहीस?"

साधा प्रश्न होता. "मॅडम, ती माझी शैली आहे" असं काहीतरी म्हणून सुटता आलं असतं. असल्या वेळी काय बोलायचं ते वर्गात सगळ्यांना शिकवलेलं होतं. पण "दिलीच नाहीस" हे ऐकताना आईने मान खाली घातली. आईला वाटत होतं की तिची मुलगी लोकांना सांगतेय, माझी आई बडबडते आणि मी तिला उत्तरसुद्धा देत नाही. तिकडे राहून आईने फोनवर जे काही जपलं होतं, ते असं चारचौघांत, पडद्यावर, पोकळ करून दाखवलं होतं.

"उत्तरं आहेत," कात्री म्हणाली. "मी कापली. लावू का?"

सरांनी घड्याळाकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "लाव."

ती मागे टेबलाशी गेली. लॅपटॉपवर सगळं काम तसंच होतं, फक्त ती पट्टी मिटलेली. तिने तळ्याचा कॉल शोधला आणि पट्टी उघडली. हाताला सवय होती.

सभागृहात तिचा आवाज भरला. "अगं ऐक तर, लंबू चिखलात शिरला, इतका ऐटीत..." आणि आईचं हसू, आता कशाला ते कळणारं. गोष्ट चप्पल देण्यापर्यंत आली. ज्यांना तळं ठाऊक होतं त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. लंबू मान वळवून सरळ तिच्याकडे बघायला लागला. ती मुलगी पडद्यावरून बोलतच होती, मजेत, न अडखळता. कात्रीने ते शेवटपर्यंत चालू दिलं.

"मी तळ्यावर नव्हते," मग ती म्हणाली. मागूनच बोलली, पुढे गेली नाही. "गच्चीवरही नव्हते. मी खाली बसून ते कापत होते. आईला मी सांगायचे की मी पण गेले होते. म्हणून उत्तरं काढली."

बाहेर व्हरांड्यात एक मूल पळत गेलं त्याचे पाय वाजले.

परीक्षक बाई बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हे दुसरं जास्त चांगलं आहे. पण गुण मला जे सादर केलंस त्याचेच द्यावे लागतील."

"हो मॅडम."

"बस."

आणि पुढचा चित्रपट लागला, कारण तो लावायचाच होता. बटण दाबायचं काम कात्रीचंच होतं.

आईची गाडी संध्याकाळची होती. स्टँडवर तिघं एका बाकावर बसली. बाबांनी खायला काहीतरी आणून दिलं, आणि ते गाडी लागली का बघायला उठून गेले. म्हणजे त्यांनी दोघींना मोकळं सोडलं.

आई बराच वेळ हातातली कागदी पिशवी उघडून पुन्हा मिटत होती.

"एवढ्या लोकांसमोर सांगायची काय गरज होती?" ती म्हणाली. "मला घरी सांगायचंस."

"तुला वाटलं ना, मी उत्तरं देत नाही म्हणून?"

"वाटू दे की. मी काय, आई आहे. मला काहीही वाटतं." आईने पिशवी बाकावर ठेवली. "मी तिकडे कशाच्या जोरावर राहिले, ठाऊक आहे? पोरीचं बरं चाललंय. चार मैत्रिणी आहेत, हसतेय, खेळतेय. आपण नसलो तरी तिचं काही अडत नाही. या एका जोरावर. तू तो जोरच काढून घेतलास."

कात्रीला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर आईने जवळ घेतलं असतं, हे तिला कळत होतं. पण ते ठरवून येत नाही.

"आणि आता मोठ्या बाईंना काय सांगू?" आई म्हणाली. "मी त्यांना तुझं सगळं सांगायचे. तळ्याची गोष्ट मला रोज सांगायला लावत. आज निघताना म्हणाल्या, त्या लंबूला बघून ये, खरंच तेवढा उंच आहे का ते सांग."

"उंच आहे," कात्री म्हणाली.

आईच्या ओठांच्या कडा हलल्या. हसू म्हणावं इतकंही नव्हतं ते. तेवढ्यात बाबा आले आणि म्हणाले, "लागली." आईने उठताना कात्रीच्या केसांवरून हात फिरवला. गाडी वळेपर्यंत खिडकीत तिच्या चेहऱ्याची एक बाजू दिसत होती. तिने मागे पाहिलं की नाही, ते काचेवरच्या उजेडामुळे कळलं नाही.

परतीच्या रस्त्यावर बाबा एकदम म्हणाले, "तुझ्या आवाजात तुझी आजी आहे. मला माहीत नव्हतं." आणि घर येईपर्यंत पुन्हा काही बोलले नाहीत.

निकाल लागला. गुण बरे मिळाले, फार नाही. चिमणी आपल्या चित्रपटाची प्रत घ्यायला तळघरात आली आणि जाताना दाराशी थांबून म्हणाली, "वर चहाला येतेस?" कात्री गेली. कँटीनमध्ये चारपाच जण होते. सगळे तिच्याशी फार जपून, फार चांगलं बोलले. तळ्याचा विषय कोणी काढला नाही. सुट्टीत कुठे जायचं ते बोलणं निघालं आणि मध्येच थांबलं. चहा संपवून ती कामाचं निमित्त करून उठली. चिमणीने नंतरही एकदोनदा विचारलं. मग विचारायचं राहून गेलं, आणि त्यात दोष तिचा किती आणि कात्रीचा किती, हे सांगणं कठीण आहे.

आईचा फोन मात्र आठवडाभर आला नाही. बाबांना यायचा, खुशाली कळायची. कात्री दुपारी सवयीने जिन्यावर जाऊन बसे आणि फोन न वाजताच परत येई. आपण करावा, असं तिला वाटे, पण काय सांगायचं? सांगण्यासारखं तर सगळं संपलं होतं.

मग एका दुपारी फोन वाजला.

"जेवलीस?" आई म्हणाली.

"हो."

"मोठ्या बाईंना सांगितलं मी," आई म्हणाली. "खरं तेच."

"रागावल्या?"

"छे. त्यांना कसला राग? आधी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, अगं, मग ती पोरगी दिवसभर करते तरी काय?" आईने घसा खाकरला. "मला सांगता येईना. म्हटलं, विचारून सांगते."

कात्री जिन्याच्या भिंतीला टेकली. खाली अंगणात कोणीतरी सायकलला हवा भरत होतं. "काही नाही गं," ती म्हणणार होती. तोंडापर्यंत आलंही होतं.

"तळघरात बसते," ती म्हणाली. "कोपऱ्यात. तिथे खिडकी नाही." थोडं थांबून म्हणाली, "आज एका मुलाचं काम होतं. त्याचे काका पडद्यावर बोलताना मध्येच अडतात. सारखे. मुलगा म्हणाला, ते अडणं काढून टाक. मी काढलं, तर काका भलतेच कोणी वाटायला लागले. मग परत घातलं."

"मग?"

"मग काही नाही. त्याला तेच आवडलं. घेऊन गेला."

यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि आई हसली नाही. पण ती ऐकत होती. पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला, खुर्ची सरकवल्याचा झाला.

"कसे अडतात?" आईने विचारलं. "शब्दाच्या आधी की नंतर?"

"आधी," कात्री म्हणाली, आणि सांगायला लागली.